शुक्रवारचं गाऱ्हाणं

समाजकार्याच्या पदविकेचे नियम सुविधाला तोंडपाठ होते. वर्ग शनिवार-रविवारी, म्हापशाला. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. क्षेत्रकार्य बुडालं तर सगळं वर्ष पुन्हा. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी हा अभ्यासक्रम आहे असं माहितीपुस्तिकेत छापलं होतं; पण ते छापणाऱ्याने तिच्या हळर्ण गावाहून म्हापशाला यायला रविवारी बस किती वेळाने मिळते हे कधी पाहिलं नसावं. सुविधा आठवडाभर अंगणवाडी चालवायची आणि सुट्टीचे दोन्ही दिवस वर्गात बसायची. पदविका हाती आली की महिला समुपदेशकाच्या जागेसाठी अर्ज करता येणार होता, आणि चौतिसाव्या वर्षी त्या एका गोष्टीवर तिने सगळा भार टाकला होता.

सगळ्यांत कडक नियम केसचा. प्रत्येक विद्यार्थ्याने एक केस निवडायची आणि शेवटापर्यंत न्यायची. केस नात्यातली नको. तिच्या घरचा चहासुद्धा घ्यायचा नाही. आणि नाव कुठेही लिहायचं नाही, बोलायचं नाही. अहवालात नुसतं 'क' लिहायचं. क्षेत्रकार्य पाहणाऱ्या क्षमा मॅडम हे इतक्यांदा सांगायच्या की मुलं वैतागायची. "तुमच्या तोंडून निसटलेल्या नावाचा मार तुम्हाला बसत नाही," त्या म्हणायच्या, "तो तिला बसतो."

सुविधाची 'क' म्हणजे मांद्र्याची तनया. बचत गटाच्या एका बैठकीत दोघींची ओळख झाली. तनयाच्या नवऱ्याच्या, सिद्धेशच्या, समुद्राकडच्या बाजूला पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खोल्या होत्या. माणूस गोड बोलण्यात पटाईत. जत्रेला सढळ हाताने देणगी द्यायचा, कोणाच्या घरी मयत झालं तर पहिला हजर. हंगामात खोल्या भरलेल्या असत तेव्हा तो हात आवरून असायचा, कारण भिंती पातळ आणि गिऱ्हाईक परकं. पाऊस लागला, खोल्या ओस पडल्या, की तनयाला घरातल्या घरात लपायला जागा उरत नसे. माहेरी सांगून झालं होतं. माहेरच्यांनी तिला दोन दिवस जेवू घातलं आणि परत आणून सोडलं.

सुविधा बचत गटाची बाई म्हणून जायची, मागच्या दारच्या पायरीवर बसायची. पहिले काही महिने तनया फक्त कोकमाच्या आणि पापडाच्या गोष्टी करायची. मग एकदा तिने पदर बाजूला केला आणि खांदा दाखवला. त्या दिवसापासून सुविधाला ती केस वाटेनाशी झाली. नियमाप्रमाणे हेही चुकीचंच होतं, पण नियम करणाऱ्याने तो खांदा पाहिला नव्हता.

शेवटी बेत ठरला. शुक्रवार म्हापशाच्या बाजाराचा दिवस. तनया दर शुक्रवारी नारळ घेऊन बाजाराला जातेच, त्यामुळे पिशवी घेऊन बाहेर पडली तर कोणी विचारणार नाही. म्हापशाच्या बसस्टँडवर सुविधा आणि क्षमा मॅडम थांबतील आणि तिथून तिला थेट आश्रयगृहात नेतील. ही गोष्ट त्या तिघींखेरीज कोणाला ठाऊक नव्हती. सुविधाने घरी ताकास तूर लागू दिली नाही. अहवाल लिहिताना तर ती गावाचं नावही गाळायची, 'किनाऱ्यालगतचं एक गाव' एवढंच.

मंगळवारी तिच्या आईने विषय काढला. "परीक्षा तोंडार इली. देवीक गाऱ्हाणा घालून ये गो."

हळर्णला कोणाचंही मोठं काम गाऱ्हाण्यावाचून होत नाही. लग्न, घराचा पाया, मुलाची बोटीवरची नोकरी, सगळं आधी देवीच्या कानावर. सुविधाही त्यातच वाढलेली. ती नारळ घेऊन निघाली तेव्हा वाटेतच तिच्या मनाने घेतलं, की परीक्षेचं राहू दे, आधी तिचं मागू. हे तिने कोणाला दाखवायला केलं नाही. तिला खरोखर भीती वाटत होती, आणि भीती वाटली की जायचं ठिकाण तिला लहानपणापासून एकच माहीत होतं.

देवळात विठू गुरव होते. संध्याकाळची वेळ, आठ-दहा बायामाणसं प्रदक्षिणा घालून टेकली होती. सुविधाने हळूच सांगितलं, "काका, एका बाईसाठी गाऱ्हाणा घालूचा आसा. नाव नको घेव."

विठू गुरवांनी तिच्याकडे लहान पोरीकडे पाहावं तसं पाहिलं. "गो, देवीच्या राज्यात बायलो थोड्यो आसत? नाव नाय, गाव नाय, तर ती पावतली कोणाक?"

आता इथे शहाण्या माणसाने परत फिरावं. पण सुविधाला त्यात गैर काही दिसलं नाही. पत्ता नसलेलं पत्र पोचत नाही, हे तिलाही पटणारंच होतं. आणि देवीला सांगणं म्हणजे कोणाला सांगणं नव्हे, असं तिच्या रक्तातच होतं. क्षमा मॅडमनी शेजारी, नातेवाईक, पोलीस, पत्रकार, सगळ्यांची नावं घेऊन बजावलं होतं. देवीचं नाव कोणी घेतलं नव्हतं. तिने नाव सांगितलं, गाव सांगितलं. "काम कधी?" गुरवांनी विचारलं, तेव्हा वारही सांगितला.

गाऱ्हाणं मनातल्या मनात घालत नाहीत. विठू गुरवांनी नारळ हातात धरला, घसा साफ केला आणि सगळ्या सभामंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली. बसलेली माणसं रिवाजाप्रमाणे उठून हात जोडून मागे उभी राहिली.

"बा देवी माये, मांद्र्याची तनया म्हणान तुजा एक लेकरू घरच्या जाचात पडलला आसा. येत्या शुक्रवारी ता त्या घरातसून भायर पडतला. तेची वाट मोकळी कर, आड येतलो तेका आडवो कर, आणि लेकराक सुखरूप पोचय."

"व्हय म्हाराजा," सगळी म्हणाली.

सुविधाही म्हणाली. तिच्या अंगावर काटा आला, डोळे भरले. एवढी माणसं तनयाच्या बाजूने उभी आहेत असं तिला वाटलं, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ती त्या रात्री शांत झोपली.

त्या माणसांत पार्वती नावाची एक म्हातारी होती. ती सिद्धेशची मावशी, हळर्णला दिलेली. सुविधाला हे नातं ठाऊक नव्हतं; ते विचारून घ्यावं असं तिच्या मनातही आलं नाही. पार्वतीच्या मनातही काही वाईट नव्हतं बिचारीच्या. भाच्याच्या घरावर कसलं संकट आलं या काळजीने तिने घरी जाऊन फोन लावला.

शुक्रवारी सुविधा आणि क्षमा मॅडम बसस्टँडवर उभ्या राहिल्या. मांद्र्याची एक बस आली, मग दुसरी. नारळवाल्या बाया उतरल्या, मासेवाल्या उतरल्या. बाजार उठेपर्यंत दोघी तिथेच होत्या.

मॅडमनी संध्याकाळी पोलिसांना कळवलं. पोलीस जाऊन आले. न्हाणीत पाय घसरून पडले, असा जबाब तनयाने स्वतः दिला होता.

"त्याला कळलं कसं?" मॅडमनी विचारलं.

"काय की," सुविधा म्हणाली. तिला तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं.

प्रकरण पोलिसांत गेल्यावर एकटीने जायचं नाही असा नियम असताना ती सोमवारी मांद्र्याला गेली. या वेळी पुढच्या दाराने. सिद्धेश स्वतः बाहेर आला आणि त्याने तिला खुर्ची पुढे केली.

"बसा, मॅडम. देवीक गाऱ्हाणा घातलंत म्हणे आमच्यासाटी."

गुरवांमागे हात जोडून उभी राहिलेली माणसं सुविधाच्या डोळ्यांपुढे आली. ती बसली.

"हळर्णची देवी जागृत आसा हां," तो हसत म्हणाला. "तिणा आयकला. सगळ्यात पयलां माका सांगला."

त्याने आत हाक मारली. तनया चहा घेऊन आली. कप डाव्या हातात होता. उजवा हात बोटांपासून कोपरापर्यंत प्लॅस्टरात. खालचा ओठ शिवलेला होता. तिने कप सुविधाच्या हातात दिला. सुविधाने तो घेतला, कारण न घेण्याचं कारण आता कोणाला सांगणार होती?

"आमका कोणाची गरज नाय म्हणान सांग तेंका," सिद्धेश म्हणाला.

"आमका कोणाची गरज नाय," तनया म्हणाली.

त्याचा फोन वाजला आणि तो बोलत पायऱ्या उतरून अंगणात गेला. तनया रिकामा कप न्यायला वाकली. आवाज इतका बारीक, की सुविधाला तिच्या तोंडाकडे बघावं लागलं.

"तुका सोडून माजा कोण नव्हता गो. तुया सगळ्यांक सांगलंस?"

देवीला सांगितलं होतं, एवढंच उत्तर सुविधापाशी होतं. तनया कप घेऊन आत गेली आणि आतून दार लावून घेतलं.

अहवाल द्यायची तारीख जवळ आली होती. सुविधाने मॅडमना अर्धंच सांगितलं, की घरात कळलं आणि ती आता नको म्हणते. मॅडमनी अहवालाचा कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "लाभार्थीने सेवा नाकारली, असं लिही. नियमात तेही केस बंद होणंच आहे. तू तुझ्याकडून सगळं केलंस." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सुविधाला त्यांच्यापुढे सगळं ओकून टाकावंसं वाटलं, पण सगळं वर्ष पुन्हा, हे शब्द आडवे आले. तिने तसंच लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वयस्कर आणि कडक होत्या. त्यांनी अहवाल पानन्‌पान चाळला, चष्मा काढून ठेवला आणि अगदी सहज, घरी विचारावं तसं विचारलं, "फार वाईट झालं हो हिचं. नाव काय म्हणालात तिचं?"

आधीच्या दोन मुलांनी याच प्रश्नाला भाबडेपणाने नाव सांगून टाकलं होतं आणि तोंड पाडून बाहेर आली होती. सुविधाला नियम पाठ होता.

"ते मला सांगता येणार नाही, मॅडम."

परीक्षक बाई पहिल्यांदाच हसल्या. "छान," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तिला गोपनीयतेचे पैकीच्या पैकी गुण दिले.