खिडकीसाहेब रांगेत

पाणीपट्टीच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं बसलेल्या माणसाला रांग बघायची सवय असते, रांगेत उभं राहायची नसते. त्यामुळे स्टेडियमच्या जिन्याखालच्या खाण्याच्या स्टॉलसमोर खिडकीसाहेबांचा जीव नुसता खालीवर होत होता. हे नाव त्यांना ऑफिसातल्या लोकांनी ठेवलेलं. पुढे ते घरापर्यंत पोचलं, आणि बायको चिडली की तीही तेच वापरायची.

आत्ता मात्र ती चिडण्याच्या अवस्थेत नव्हती. वर चौदाव्या ओळीत ती घामाघूम होऊन बसली होती. घरून निघताना इन्सुलिनचं इंजेक्शन घेतलेलं, आणि त्यावर पोटात जायला हवं होतं ते जेवण गेटवरच राहिलेलं.

ते गेटवर राहिलं कुणामुळे, हे सांगायलाच हवं. "बाहेरचं खाणं आत चालत नाही," असं गेटवरचा रखवालदार म्हणाला खरा, पण माणूस भला होता. बायकोचा चेहरा बघून त्यानेच विचारलं होतं, "औषधापुरतं काही असलं तर राहू द्या, काका." बायको लगेच म्हणाली, "अहो, निदान त्या लिंबाच्या गोळ्या तरी..." पण खिडकीसाहेब कसले ऐकतात! "औषध काही नाही, नुसतं खाणं आहे. नियम म्हणजे नियम," असं म्हणून त्यांनी पोळीभाजीचा डबा, केळी आणि गोळ्यांची पुडी स्वतःच्या हाताने काढून दिली. वर आपण किती सरळ माणूस आहोत याचं समाधान वाटून घेतलं, ते वेगळंच.

मॅच सुरू होऊन दहा मिनिटं होत नाहीत तोच बायकोचे हात थरथरायला लागले. कॉलेजात गोलकीपर होती ती. हॉकी म्हटलं की तिला तहानभूक सुचत नाही, आणि आज ती समोरच्या मैदानाकडेही बघत नव्हती. "गरगरतंय हो," ती म्हणाली. "काहीतरी गोड आणा. लवकर." गेट पार पलीकडच्या टोकाला, आणि एकदा बाहेर पडलेल्याला पुन्हा आत घेणार नाही असं तिकिटावर छापलेलं. उरला हा जिन्याखालचा स्टॉल.

स्टॉलला खिडक्या तीन, त्यातल्या दोन बंद. तिसरीत एकटी बाई. तीच ऑर्डर घेणार, तीच पैसे घेणार, कार्ड असेल तर नेटवर्क मिळावं म्हणून मशीन डोक्यावर धरून तीच उभी राहणार, मग मागे वळून ग्लास भरणार, झाकण लावणार, स्ट्रॉ शोधणार. तळणीपाशी एक माणूस होता, पण बटाट्याचे काप तेलातून आपणहून बाहेर येतील अशा भरवशावर तो हाताची घडी घालून उभा होता. आणि बाईच्या पाठीमागे काचेच्या फ्रीजमध्ये लिंबाच्या गोड सरबताच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या. सगळ्यांना दिसत होत्या, मिळत कुणालाच नव्हत्या.

"अरे, पैसे घेणाऱ्याने ग्लास भरायचे नसतात!" खिडकीसाहेब स्वतःशीच पुटपुटले. गार बाटलीवाल्यांची रांग वेगळी, तळणाची वेगळी, एवढं साधं यांना कळू नये? त्यांनी घड्याळ लावलं. एका गिऱ्हाइकाला साडेतीन मिनिटं. पुढे माणसं चौदा. हिशोब तोंडी झाला, एकोणपन्नास मिनिटं. हात थरथरायला लागले की ताबडतोब गोड द्यायचं, उगाच थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी दहादा बजावलं होतं.

पुढचा एक जण नऊ जणांची ऑर्डर घेऊन आला होता आणि ती त्याला पाठ नव्हती. "दोन कॉफी... नाही, तीन. एकीत साखर नको. थांबा हं, विचारतो." विचारायला फोन लावला तर लागेना. खिडकीसाहेबांनीही बायकोला लावून पाहिला, पण त्या काँक्रीटखाली फोन म्हणजे नुसतं खेळणं. वरून एकदम आरडाओरडा झाला. अर्धी रांग "जागा ठेवा हं" म्हणत जिन्याकडे पळाली आणि तशीच परत येऊन आपापल्या जागी घुसली. खिडकीसाहेब हलले नाहीत. एका पायावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर, एवढंच काय ते हलणं. ती मान टाकून बसली असेल का? लोकांना वाटेल, झोपलीय.

कुणीही म्हणेल, अहो, मग सांगायचं ना! तोंड होतं की!

तोंड होतं, पण तिथेच तर घोडं अडलं होतं. "साहेब, घरी पेशंट आहे हो, माझं आधी घ्या," हे वाक्य खिडकीसाहेबांनी सव्वीस वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं की त्यावरचं उत्तर जिभेवर तयार असे. "सगळ्यांच्याच घरी पेशंट आहेत. लाइनमध्ये या." गेल्याच आठवड्यात एक बाई हे ऐकून मागे जाऊन उभी राहिली होती. दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या तिच्या. खिडकीसाहेबांना त्या वेळी हसू आलं होतं. आता "माझं आधी घ्या" हे ते कुठल्या तोंडाने म्हणणार? ज्यावर स्वतः कधी विश्वास ठेवला नाही, त्यावर दुसरं कुणी ठेवेल असं त्यांना वाटेना. पुढच्या माणसाच्या खांद्यापर्यंत तीनदा हात नेला आणि तीनदा स्वतःचीच मान खाजवून परत घेतला.

पुढे अजून आठ जण होते, तेवढ्यात खिडकीतल्या बाईने हात वर केला. "कॉफी संपली. मशीन परत लावलंय. दहा मिनिटं थांबा सगळे!"

"माझ्या बायकोची साखर उतरलीय!"

एवढा मोठा आवाज आपला आहे हे खिडकीसाहेबांना क्षणभर कळलंच नाही. रांगेतली सगळी डोकी मागे वळली. आता "लाइनमध्ये या" ऐकावं लागणार म्हणून त्यांनी मानसुद्धा खाली घातली.

"अहो काका, मग इथे काय उभे आहात!" पुढची एक बाई जवळजवळ ओरडलीच. "सरका रे, सरका! ओ ताई, आधी यांना द्या!"

रांग बाजूला झाली. नऊ जणांच्या ऑर्डरवाल्याने त्यांना दंडाला धरून पुढे ढकललं. खिडकीतल्या बाईने फ्रीज उघडून बाटली काढली, झाकण सैल केलं आणि हातात कोंबली. खिडकीसाहेब पाकीट चाचपायला लागले तर तीच खेकसली, "पैसे राहू द्या, पळा आधी!" कुणी पुरावा मागितला नाही की चेहरा निरखला नाही. एक मिनिटसुद्धा लागलं नाही.

दोन-दोन पायऱ्या चढत ते चौदाव्या ओळीत पोचले तेव्हा त्यांना श्वास घेता येत नव्हता. आणि बायको उभी होती! गालात गोळी धरून पंचांना तोंडभर बोलत होती. शेजारच्या आजींच्या मांडीवर लिंबाच्या गोळ्या, पलीकडच्या जोडप्याकडे केळी, मागच्या माणसाच्या टोपीत चक्क शेंगदाणे. सगळ्या ओळीने गेटवरून काही ना काही लपवून आणलेलं.

"बस, बस खाली! बरं वाटतंय का?"

"मघाशीच वाटलं. तुम्ही जिना उतरला नसाल, तेवढ्यात मी या आजींकडे मागितलं. दोनदा फोन केला तुम्हाला, लागेना."

"माझी वाट नाही बघितलीस?"

"तुमची?" ती मैदानावरची नजर न काढता म्हणाली. "अहो, तुम्ही लाइनमध्ये उभे राहणार, हे मला माहीत नाही का?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, कारण रागाला काहीतरी उत्तर देता येतं. खिडकीसाहेबांना फार लागलं ते. आजारात बायकोला हात पसरावा लागला तो परक्यांपुढे, आणि तिने केलं ते बरोबरच होतं.

"मी लाइन मोडून आणली ही," ते बाटली पुढे करत म्हणाले.

"हो का?" ऑफिसात खिडकीपलीकडच्या माणसाकडे ते स्वतः जसं बघायचे, तसंच तिने बाटलीकडे पाहिलं. "मग पंचवीस मिनिटं कशी लागली?"

काहीतरी सांगता आलं असतं. बाई हळू होती, कॉफी संपली, मशीनला नेटवर्क नव्हतं. यातलं एकही खोटं नव्हतं.

"मोडायला एकच लागलं," खिडकीसाहेब म्हणाले. "तोंड उघडायला चोवीस लागली. तुला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे झालं असतं."

तिने मान वळवून त्यांच्याकडे नीट पाहिलं. तेवढ्यात सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं आणि आजी टाळ्या पिटत ओरडल्या, "गोल! अहो, गोल झाला!" बायको वळलीच नाही. तिने त्यांच्या हातातली बाटली घेतली आणि गरज नसताना दोन घोट प्यायले.