गीझरची जाळी

त्या दिवशी अण्णांनी मिक्सर उघडला होता. बनारसच्या बालाजी घाटाच्या वरच्या गल्लीतल्या त्या घरात एखादी वस्तू बिघडली, की रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या अण्णांना उत्साह चढायचा. त्यांची एकुलती मुलगी शरदिनी दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून आली होती आणि नेहमीप्रमाणे टॉर्च धरून उभी होती.

"प्लगात करंट आहे. मोटरही धड आहे. मग?"

"मग मधली वायर."

"शाबास! दोन्ही टोकं धड असली की खोट मधेच असते. आईला सांग, चटणी आज मिळेल."

"ऐकतेय मी," आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "परवापण आजच मिळणार होती."

संध्याकाळी चटणी झाली. अण्णांनी पुन्हा पुन्हा वाढून घेतली, डोळ्यांत पाणी आलं तरी तिखट लागल्याचं कबूल केलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते उठलेच नाहीत.

त्यानंतरची कामं पुष्कळ होती आणि शरदिनीला कामं येत होती. ती करत राहिली.

सुतक फिटलं त्या सकाळी अण्णांचे धाकटे भाऊ, काशीनाथकाका, घाटावरून गंगाजलाच्या दोन घागरी घेऊन आले. घरभर शिंपडून त्यांचं समाधान होईना. ते गच्चीवर चढले आणि उरलेलं पाणी तुळशीच्या पानांसकट टाकीत ओतून खाली आले. "आता नळ उघडला की गंगा!" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गीझर पेटेना.

कार्तिक चालू होता. गुडघ्यांमुळे आईला घाटाच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या. कार्तिकातली आंघोळ ती घरीच, उजाडायच्या आत, ऊन पाण्यानं करायची. त्या दिवशी तिनं थंड पाणीच अंगावर घेतलं, आणि काका आले तेव्हा ती शाल गुंडाळून उन्हात कुडकुडत बसली होती.

"वहिनी, हे असंच चालणार आता," काका म्हणाले. "आज गीझर, उद्या पाण्याची मोटर. अण्णा होता तोवर ठीक होतं. तुम्ही आमच्याकडे चला, सिगऱ्याच्या फ्लॅटवर. लिफ्ट आहे, चौबीस घंटे गरम पाणी आहे. हे घर किरायानं देऊन टाकू."

आईनं मान खाली घातली. काकांनी तो होकार धरला. आईला कुणाला नाही म्हणता येत नसे, हे शरदिनीला पक्कं ठाऊक होतं. ती सिगऱ्याला जाईल आणि उरलेला जन्म दुसरीच्या स्वयंपाकघरात पाहुणी म्हणून काढेल.

"काका, आधी गीझर बघू. घराचं मग."

"तू बघणार? बँकेत मॅनेजर आहेस का मिस्त्री? अरे छोड, मी फोन लावतो कुणाला तरी."

"लावा की. तो येईपर्यंत बघते."

गॅसचा गीझर मागच्या उघड्या सज्जात होता. पाण्याचा जोर लागला की तो टकटक ठिणगी टाकून आपोआप पेटायचा. आज टकटकच नव्हती. शरदिनीनं सेल बदलले. तरी नाही. सिलिंडर हलवून पाहिला, भरलेला होता. स्वयंपाकघरातला नळ उघडला, तर पाणी धो धो. गीझरमधून मात्र बादलीत करंगळीएवढी धार पडत होती. एवढ्या जोरावर तो पेटणार कसा? टाकी भरलेली, गीझर धडधाकट. म्हणजे खोट मधे.

तिनं गॅस बंद केला, पाण्याचा कॉक बंद केला आणि गीझरकडे येणाऱ्या नळीला पाना लावला. नट हटेना.

"उलटा फिरव."

"उलटाच फिरवतेय, काका."

"मग जोरानं."

नट सुटला. नळीच्या तोंडातली इवलीशी जाळी तिनं नखानं ओढून काढली. राखाडी, मऊ गाळानं ती लिंपली होती. गंगेचा पूर ओसरल्यापासून पंप लावून घाटाच्या पायऱ्यांवरून धुऊन नदीत सोडत होते, तोच गाळ. आणि त्यात रुतलेलं तुळशीचं अर्धं पान.

तिनं जाळी काकांच्या तळहातावर ठेवली. काकांनी ती डोळ्यांजवळ नेली.

"भाऊजी," आई मागून म्हणाली, "गीझरचीपण शुद्धी केलीत होय!" आणि तोंडाला पदर लावून हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"श्रद्धेनं टाकलं होतं, वहिनी," काका पुटपुटले.

जुन्या टूथब्रशनं घासून शरदिनीनं जाळी जागेवर बसवली, नट आवळला आणि गॅस, पाणी दोन्ही सुरू केलं. टकटक, भप्प, आणि निळी ज्योत. बादलीतून वाफ येऊ लागली. आईनं पाण्यात हात बुडवला आणि तो तसाच ठेवला.

"मानलं बुवा," काका म्हणाले. "पण तू परवा नागपूरला जाशील. पुढच्या वेळी कोण? वहिनी, सामान बांधायला घ्या तुम्ही."

आईनं हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि आज्ञाधारकपणे आतल्या खोलीकडे वळली.

या घरात माणसं एकमेकांना जेवलीस का विचारत, जिवाला जप म्हणत, काळजी वाटते म्हणत. आपल्याला काय हवंय ते कुणी सांगत नसे. शरदिनीनंही कधी सांगितलं नव्हतं.

"आई, थांब," ती म्हणाली. "काका, आई कुठं जाणार नाही. मी बनारसला बदली मागतेय."

"अगं, माझी काळजी करून तू तुझी नोकरी—"

"काळजी म्हणून नाही, आई. मला इथं राहायचंय. मला तुझ्याजवळ राहायला आवडतं." तिनं हातातला पाना खाली ठेवला. "अण्णांजवळही फार आवडायचं."