टेबलावरचा कोपर

"आणि तिथे तूच तापाने फणफणलीस तर पाणी कोण देणार? मासे?"

त्या रविवारी दुपारपासून आत्याचा हा सातवा-आठवा प्रश्न असेल. चिंगी नुसती हसली आणि तिने आत्याच्या कपात आणखी चहा ओतला. मोठ्या इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स असलेली ही सव्वीस वर्षांची मुलगी घरात अजून चिंगीच होती.

टेबलावर पत्र पडले होते. दोन दिवस बोटीने गेल्यावर एक बेट लागते, तिथे दोन खोल्यांचा दवाखाना आहे. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरीणबाईंचे ते पत्र. येणारी प्रत्येक नर्स दोन-तीन महिन्यांत परत जाते, बायका बाळंतपणाला शहरात यायला निघतात आणि वाटेत होडीतच बाळंत होतात, असे त्यांनी लिहिले होते. तीन वर्षे राहील अशी कोणीतरी हवी आहे. गुरुवारच्या टपालाने होकार निघाला तर बरे, नाहीतर दवाखान्याला कुलूप लावून मी मुलाकडे राहायला जाईन.

"जाऊ दे की बाईला मुलाकडे," आत्या म्हणाली. "तिला मुलगा आहे. तुझ्या बापाला कोण आहे? इथे पुढच्या महिन्यात मुख्य नर्स करतायत तुला. सगळं ताटात वाढून ठेवलंय, आणि ही निघाली समुद्रात!" बोलता बोलता ती टेबलावर रेलली. चहा बशीत सांडला.

"आत्या, कोपर," चिंगी म्हणाली.

"आता मी काय इथे वजन करायला बसलेय?" आत्या म्हणाली, पण तिने कोपर उचलला.

या घरात तो शब्द जुना होता. चिंगीचे वडील नाजूक तराजू दुरुस्त करीत. भाजी-धान्याचे नव्हेत, औषधांच्या दुकानातले आणि प्रयोगशाळेतले, काचेच्या पेटीत बसवलेले. सगळे त्यांना काटेमास्तर म्हणत. गेली अडतीस वर्षे घरातले हेच टेबल त्यांचे कामाचेही टेबल होते. वजने चिमट्याने उचलायची, बोटाचा घाम लागला तरी फरक पडतो. पेटीचे दार लावून घ्यायचे, श्वास लागला तरी पारडे हलते. आणि काटा आपणहून थांबेपर्यंत टेबलाला हात लावायचा नाही. लहानपणी चिंगी हनुवटी टेकून बघायला यायची. मास्तर मान वर न करता म्हणायचे, "कोपर." मग पुढे घरात कोणी कोणाला फार गळ घालू लागले, की तिसरा हेच म्हणायचा.

देवाची गोष्टही मास्तरांनी तिला अशीच शिकवली होती. त्यांना बोलता फारसे येत नसे. पुस्तके पुष्कळ वाचलेली, पण चार माणसांत तोंड उघडायचे म्हटले की घशाला कोरड पडायची. मुलीला एकटीला सांगायचे तेव्हा मात्र शब्द सापडत. "चौघं चार बाजूंनी ओढायला लागले ना, की आपण पाच मिनिटं गप्प बसायचं. तुझ्याकडून देवाला काय हवंय ते तुला आतून कळेल. कळलं की तेच करायचं. मग कोण काय म्हणतं ते बघायचं नाही."

"तुमचंसुद्धा नाही?" सात वर्षांच्या चिंगीने विचारले होते.

"माझंसुद्धा नाही," मास्तर म्हणाले होते. अगदी सहज. मुलीच्या डोळ्यांत आपण एकदम मोठे झालेले त्यांना दिसले होते, आणि ते त्यांना आवडले होते.

नऊ वर्षांची असताना तिच्या वर्गात खिडकीची काच फुटली. फोडली सगळ्यांनी मिळून, आणि नाव घ्यायचे ठरले एका तोतऱ्या मुलीचे. चिंगी पाच मिनिटे गप्प बसली आणि उठून बाईंना खरे सांगून आली. मास्तरांना कोण आनंद झाला! इतके लाजाळू गृहस्थ, पण औषधाच्या दुकानात, प्रयोगशाळेत, भेटेल त्याला ती हकिगत सांगत सुटले. नंतर वर्षभर चिंगीच्या बाकावर कोणी बसत नव्हते आणि डबा ती जिन्याखाली एकटी खायची, हे त्यांना कळले तेव्हा ती कॉलेजात गेली होती. तेही बायकोने सांगितले. तिला ते पहिल्यापासून माहीत होते. बायको गेली त्याला आता सहा वर्षे झाली होती.

"आम्ही पाच मिनिटं बसतो, आत्या," चिंगी समोर बसलेल्या वडिलांकडे बघत म्हणाली.

"बसा, बसा. तुमचा देव घड्याळ लावूनच येतो." आत्या कप उचलून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जरुरीपेक्षा मोठ्याने घासू लागली.

दोघे समोरासमोर बसले. तिची खुर्ची खिडकीकडची, त्यांची भिंतीकडची. चिंगीने डोळे मिटले, हात मांडीवर सैल सोडले. मास्तर तिच्याकडे बघत राहिले. तिच्या कपाळावर आईसारखीच एक आठी पडायची. ही गेली की सकाळी उठल्यावर या घरात पहिला आवाज कोणाचा होणार, एवढेच त्यांच्या डोक्यात फिरत होते. तीन वर्षे. आपण आता सदुसष्ट.

चिंगीने डोळे उघडले. "मला जावंसं वाटतंय, बाबा. पण ते देवाचं आहे की मलाच इथून निघायचंय, ते मला नीट कळत नाही. तुम्हाला काही वाटलं का?"

एवढ्या वर्षांत तिने असे कधी विचारले नव्हते.

"वाटलं," मास्तर म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "अगदी स्पष्ट आलं. तू इथेच राहावंस, असं."

 चिंगीने मान डोलावली, पत्र घडी करून पाकिटात घातले आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन म्हणाली, "आत्या, राहते मी."

आत ताट पडल्याचा आवाज झाला. आत्या ओल्या हातांनी बाहेर आली आणि तिने भाचीला मिठी मारली. मास्तर खाली बघत होते. आपला उजवा कोपर टेबलावर पुरता रेललेला त्यांना दिसला. केव्हा टेकला होता कोण जाणे.

सोमवारी चिंगी कामावर गेली. मंगळवारीही गेली. रुसवा नाही, फुगवा नाही. संध्याकाळी येऊन स्वयंपाक केला, वडिलांच्या शर्टाचे बटण लावले. पलंगाखालून काढलेली बॅग पुसून पुन्हा पलंगाखाली सरकवली. फक्त काम करताना ती गुणगुणायची, ते थांबले. तिच्या गुणगुणण्याला ना चाल असायची ना शब्द, आत्या त्याला "किटलीचं गाणं" म्हणायची. त्याच्यावाचून घर असे कानाला टोचेल, हे मास्तरांना माहीत नव्हते. मुलगी घरात होती, समोर बसून जेवत होती, आणि त्यांना तिची आठवण येत होती.

बुधवारी ते औषधाच्या दुकानात गेले. तिथला तराजू त्यांनीच पस्तीस वर्षे सांभाळला होता. त्यांनी पेटी पुसली, दांडी ज्याच्यावर तोलते त्या दगडाची धार भिंगातून तपासली, चिमट्याने वजन ठेवले. काटा शून्याच्या जरा उजवीकडे थांबला. पुन्हा केले. आता डावीकडे. तिसऱ्यांदा भलतीकडेच.

"याच्यात काहीतरी बिघडलंय," मास्तर पुटपुटले.

दुकानदार त्यांच्याच वयाचा, जुना ओळखीचा. तो चष्म्यावरून बघत होता. "मास्तर, राग मानू नका," तो हळूच म्हणाला, "पण तुम्ही टेबलाला टेकलायत."

मास्तरांनी कोपर उचलला. काटा दोनदा डुलला आणि बरोबर शून्यावर येऊन थांबला.

"वय झालं आपलं," दुकानदार म्हणाला. "आमच्या पोरांना सांगायचात तुम्ही, 'टेबलाला हात नको.' आठवतं? चार हात लांब पळायची कार्टी." तो हसला. मास्तरही हसायला गेले, पण ते त्यांना जमले नाही. हत्यारे पिशवीत भरून ते निघाले. चिमटा दुकानातच राहिला.

घरी चिंगी इस्त्री करीत होती. उद्याचा पांढरा गणवेश. मास्तर टोपीसुद्धा न काढता खुर्चीवर बसले.

"चिंगे, रविवारी मी खोटं बोललो."

इस्त्री थांबली.

"मला काही आलं नव्हतं आतून. मी तर डोळेसुद्धा मिटले नव्हते. तू जाऊ नयेस म्हणून बोललो. देवाचं नाव घेऊन बोललो."

चिंगीने इस्त्री उभी करून ठेवली. ती चिडेल असे त्यांना वाटले होते. चिडली असती तर बरे झाले असते.

"मला शंकासुद्धा नाही आली, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही आजवर कधी सांगितलंच नव्हतं ना, तुम्हाला काय येतं ते. म्हणून मला वाटलं, पहिल्यांदा सांगतायत म्हणजे खरंच असणार."

आता एवढे बोललो आहोत तर सगळेच बोलावे, असे मास्तरांना वाटले. "मला कधीच काही आलं नाही गं. एवढ्या वर्षांत एकदाही नाही. मी डोळे मिटून बसायचो आणि कुठला स्क्रू ढिला आहे, कुणाचं काम राहिलंय, हेच डोक्यात यायचं."

"मग मला कशाला बसवायचात?"

मास्तरांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा उचलली. "तुला येईल, असं वाटायचं," ते म्हणाले. "तू डोळे मिटलेस ना, की तुझा चेहरा असा व्हायचा... मला वाटायचं, हिला ऐकू येतंय. मग मी इथे नुसता बसलो तरी चालेल."

रस्त्यावरून कोणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. चिंगीच्या डोळ्यांत पाणी होते, पण आवाज तिच्या वॉर्डातला होता, स्थिर. "मग आता खरं सांगा. तुम्हाला काय हवंय?"

"मला तू हवी आहेस. घरात. पण ते माझं झालं."

 चिंगी खिडकीकडच्या खुर्चीवर बसली आणि तिने हात मांडीवर सैल सोडले. मास्तर समोर बसूनच राहणार होते, तेवढ्यात त्यांना काय वाटले कोण जाणे, ते उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले. दार त्यांनी हळूच लावून घेतले.

पाच मिनिटांची दहा झाली, दहाची वीस. समोरची बाई दोरीवरचे कपडे काढीत होती. "किल्ली विसरलात वाटतं, मास्तर?" तिने विचारले. "नाही, नाही, बसलोय सहज," मास्तर म्हणाले. चिंगीने इथेच थांबावे, असे त्यांच्या मनात येत होते. मग तसे मनात आल्याबद्दल त्यांना शरम वाटत होती. मग पुन्हा तेच मनात येत होते. निदान बंद दारातून ते आत जात नसेल, एवढाच त्यांना धीर होता.

दार उघडले. चिंगीच्या हातात पाकीट होते.

"बाबा," तिने विचारले, "पोस्टाची तिकिटं कुठल्या खणात ठेवलीत?"

"डावीकडच्या," मास्तर म्हणाले. "वजनांच्या डबीखाली."

चिंगी बेटावर गेली त्याला आता पाच महिने झाले. आत्याने पहिला महिनाभर अबोला धरला. दर रविवारी येऊन, मास्तरांसमोर बसून तिने तो पाळला. म्हणजे भिंतीशी बोलायची. "लोकांचे बाप मुलींना अडवतात. आमच्याकडे तिकीट चिकटवून देतात," असे भिंतीला सांगायची. पण डब्यातून भाजी आणायची आणि जाताना मास्तरांचे मळके शर्ट घेऊन जायची.

पत्र महिन्यातून एकदा येई. अक्षर घाईचे. आजवर एकोणीस बाळंतपणे झाली, एक मूल वाचले नाही. पाणी लांबून आणावे लागते. ताप एकदा आला होता, डॉक्टरीणबाईंनी पाणी दिले, आत्याला सांगा, मासे कामाला आले नाहीत. आपण बरोबर केले की नाही, हे मात्र तिने कुठे लिहिले नव्हते. मास्तर प्रत्येक पत्रात तेच शोधत. तिला विचारायचे नाही, एवढे त्यांनी स्वतःशी ठरवले होते.

रविवारी दुपारी ते भिंतीकडच्या खुर्चीवर बसत. डोळे मिटत. काही येत नसे. पूर्वी स्क्रू तरी यायचे, आता तिचे किटलीचे गाणे यायचे, आणि ते नीट आठवावे म्हटले की निसटायचे.

अशाच एका रविवारी आत्या आली. डबा ठेवला. मास्तर डोळे मिटून बसलेले पाहून बोलायला उघडलेले तोंड तिने मिटले.  मग खिडकीकडची खुर्ची ओढून, गुडघ्यावर हात देत, सावकाश बसली. त्या खुर्चीवर पाच महिन्यांत कोणी बसले नव्हते.

"किती वेळ बसायचं असतं रे?" तिने कुजबुजत विचारले.

"पाच मिनिटं."

"बोलायचं नाही ना काही?"

"नाही, ताई."

आत्या गप्प बसली. तिच्या आयुष्यात हे प्रथमच घडत असावे. जरा वेळाने टेबल किंचित हलले. मास्तरांनी डोळे उघडले. बहिणीचे डोळे घट्ट मिटलेले होते, ओठ थरथरत होते, आणि दोन्ही कोपर टेबलावर टाकून, सगळा भार त्यांच्यावर देऊन ती बसली होती. टेबलावर दुरुस्तीला आलेल्या पेटीतल्या तराजूचा काटा काचेआड डुलत होता.

मास्तरांच्या ओठांवर शब्द आला. तो त्यांनी गिळला, आणि पुन्हा डोळे मिटून घेतले.