भावसिंगची जीप खाली बसते

१९९८च्या उन्हाळ्यात वारंगा फाट्याजवळच्या तांड्यावर एका जीपभोवती मोठी गर्दी लोटली होती. जीप जॅकवर उचललेली, पुढचं चाक काढलेलं, बॉनेटला हार. महिन्यापूर्वी याच अंगणात ब्रेक दुरुस्त करताना भावसिंग या जीपखाली दबून मेला होता.

"भावसिंग, गाडीत असशील तर मान लवव!" कपाळाला राख फासलेला जळबा महाराज गरजला. "ओम फट, वारं हट!"

जीप हळूहळू खाली आली. लोकांनी हात जोडले.

"आलात व्हय?" भावसिंगची बायको रुख्मिणीबाई मडगार्डवरून हात फिरवू लागली. "जेवलात का?"

महिनाभर ती कुणाशी बोलली नव्हती. औंढ्याच्या शाळेत शिकवणाऱ्या थोरल्या लेकीला, शिलाला, हे सगळं थोतांड दिसत होतं. पण आई बोलत होती. म्हणून शिला मागंच उभी राहिली.

महाराजानं जॅक पुन्हा चढवला. "आता लेकानं खाली जाऊन नारळ ठेवावा. आत्मा मोकळा होईल."

भावसिंगचा लेक सुदाम वाकला. शिलानं धावत जाऊन भावाचा दंड धरला.

"काहून आडवी येऊन राहिलीस, ताई?"

"बा गेले तसाच जाशील!"

तिनं फाट्यावरून देविदास मेकॅनिकला बोलावलं. त्यानं बाकीच्या चाकांना दगड लावले, जीपचा भार पेलायला चेसिसखाली लोखंडी घोड्या उभ्या केल्या.

"बोलवा आता," शिला म्हणाली.

महाराजाचा घसा बसला, जीप बसली नाही. "नास्तिक बाईची सावली पडली!"

"मग तुमी गप बसा." तिनं जॅक पुन्हा चढवून घोड्या काढायला लावल्या, सगळ्यांना मागं सारलं. मंत्र नाही, हाक नाही. तरी जीप आपोआप खाली आली. जॅकच्या बुडाशी तेल पाझरत होतं.

"आतलं रबर झिजलंय," देविदास म्हणाला. " तेल गळतं, दाब उतरतो, गाडी बसते. त्या दिवशीही हेच झालं."

महाराज कधी सटकला, कुणाला कळलंही नाही.

"म्हंजे ते आले नव्हते?" रुख्मिणीबाईनं विचारलं.

"न्हाई, याडी," शिलानं आईला सांगितलं.

"अन् मी बोलले ते?"

शिलानं आईला जवळ घेतलं.

रुख्मिणीबाईनं देविदासकडे पाहिलं. "ही घोडी त्या दिवशी असती तर?"

देविदासनं मान खाली घातली. "वाचले असते, काकी."

ती उठली. नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. गर्दीला म्हणाली, "नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणाचं लेकरू जाऊ देऊ नका. कुणी कितीबी मंतर म्हणू द्या, गाडी कशावर उभी हाय ते आधी वाकून बघा."