वरची कडी

मी कडी बोलतेय. घणसोली गावात निकेशच्या घराला दोन कड्या आहेत, त्यातली मी वरची. खालची दाराबरोबरच आली. मला तीन वर्षांपूर्वी मुद्दाम हार्डवेअरच्या दुकानातून आणलं.

निकेशने स्टुलावर चढून मला चौकटीच्या अगदी टोकाला बसवलं. ड्रिल चालवताना आईकडे बघायचं टाळत होता तो. आईलाच कोंडायची कडी होती ती. आई, म्हणजे शांती, खाली बसून कौतुकाने बघत होती. म्हणाली, "नीट लाव रं. चोर लय झालेत."

या शांतीचं उभं आयुष्य खाडीवर गेलं. ओहोटी लागली की चिखलात उतरून खेकडे, निवट्या अशी मासळी धरायची आणि गावात विकायची. आता तिला सुनेचं नाव आठवत नव्हतं. गॅस चालू ठेवून विसरायची. पण आज तिथी कोणती आणि पाणी कधी उतरणार, ते बिनचूक सांगायची. ओहोटी झाली की टोपली शोधायला लागायची. दोनदा खाडीच्या चिखलात गुडघाभर रुतलेली सापडली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, कडी उंचावर लावा, अशी माणसं सहसा वर बघत नाहीत.

खरंच होतं ते. शांती खालची कडी काढायची, दार ओढायची, पण दार हलायचं नाही. मग दारावर हात आपटत राहायची. मी माझं काम करत होते, त्याची लाज नाही मला. पण तो आवाज ऐकवत नव्हता.

सून भाविका. महाप्याच्या कंपनीतली नोकरी सोडून घरी बसली बिचारी. डोक्याने तल्लख. कॅलेंडरवर रोजच्या ओहोटीची वेळ लाल पेनाने लिहून ठेवायची आणि त्या वेळी मला न चुकता लावायची. शांतीच्या ब्लाउजच्या आत तिने फोन नंबर शिवला होता.

संध्याकाळ झाली की मात्र शांतीचं वेगळंच चालायचं. "माजी आय वाट बघते. मना जावंदे."

"आई, त्या कधीच गेल्या. तुमी बसा, चहा टाकते."

गेल्या म्हटलं की शांती रडायची. रोज नव्याने कळायचं तिला, आणि रोज नव्याने रडायची. आय कुठे वाट बघते, हे कुणी विचारलं नाही. मीसुद्धा म्हातारीची बडबड म्हणून सोडून दिलं.

या घरात दिवेलागणीला दार उघडं ठेवतात, लक्ष्मी येते म्हणून. भाविका नवी नवरी असताना शांतीनेच तिला हे शिकवलं होतं, विसरली तर बोलणी बसायची. त्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे संध्याकाळी भरती. दिवा लावायच्या आधी भाविकाने मला काढलं. खाडी भरलेली आहे, आता आई कुठे जायच्या नाहीत, असं ती धरून चालली. ती देवासमोर पाचच मिनिटं बसली असेल. तेवढ्यात शांती अनवाणी माझ्या खालून बाहेर पडली. उघडी कडी काय करणार?

सगळं गाव बॅटऱ्या घेऊन खाडीकडे पळालं. निकेश कमरेएवढ्या पाण्यात उतरून "आये, आये" करत हाका मारत होता म्हणे. आणि शांती खाडीवर गेलीच नव्हती. ती उलट्या बाजूला तळवलीला, माहेरी निघाली होती. बापाच्या घराच्या जागी आता टॉवर आहे. त्याच्या गेटपाशी ती गटाराच्या कडेला पडली होती. कुणीतरी ब्लाउजमधला नंबर लावला, पण तोवर दोन तास गेले होते. खुब्याचं हाड मोडलं होतं.

तेव्हापासून शांती खाटेवर आहे. दारापर्यंत यायचं नाव नाही, त्यामुळे मलाही कुणी लावत नाही. भाविका येताजाता माझ्याकडे बघते. मला बघवत नाही तिच्याकडे. अगं, तुझी चूक नाही, हे तिला कोण सांगणार?

तुमच्या घरी असं माणूस असेल तर मला जरूर बसवा. दिवेलागणीलासुद्धा काढू नका, लक्ष्मी समजून घेईल. पण ते माणूस जाते म्हणालं तर कुठे जायचंय ते विचारा. चपला द्या, हात धरून थोडं चालून या. भाविकाला हे कुणी सांगितलंच नाही.

गेल्या महिन्यात निकेशने व्हीलचेअर आणली. भाविकाने शांतीची वेणी घातली, नवं लुगडं नेसवलं, आणि दोघांनी मिळून तिला खुर्चीत बसवलं. मग भाविका तिच्यासमोर वाकून म्हणाली, "आई, चला, तळवलीला जाऊ. तुमच्या आईकडं."

शांतीने पदर सारखा केला. मग विचारलं, "तय तळवलीला कोन हाय माजा?"

भाविका तिथेच जमिनीवर बसली. दार सताड उघडं होतं, आणि जायचं कुणालाच नव्हतं.