शेवाळाची रेघ

सांगलीला समुद्र नाही. तरी लढाई संपल्यावर वर्षाच्या आत आमच्या गावात सी-स्काऊटांचं पथक निघालं, आणि त्याचं कुणाला फारसं नवल वाटलं नाही. कृष्णा आहे, पोहणारी पोरं आहेत, निळ्या टोप्या शिवून देणारा शिंपी आहे, मग समुद्रावाचून काय अडतं? अडलं ते एवढ्यावरच की शिकवायला समुद्र बघितलेला माणूस हवा होता. तो सयाजीमास्तरांच्या रूपाने मिळाला.

मास्तर मूळचे दुष्काळी माण तालुक्यातले. तिकडे पाहुण्याला तूप वाढतील, पण आंघोळीला दुसरी बादली मागू नये. पलटणीत भरती झाले, बोटीत बसून इजिप्तला गेले आणि लढाई संपल्यावर त्याच वाटेने परत आले. समुद्राशी त्यांचा संबंध तेवढाच. जातानाचे सगळे दिवस बोटीच्या पोटात ओकण्यात गेले, येतानाचेही. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि लोकांनी विचारलं नाही. समुद्र कसा असतो, असं कुणी विचारलंच तर डोळे बारीक करून म्हणायचे, "लय मोठा." यात खोटं काही नव्हतं.

पण माणूस कष्टाळू. हायस्कुलात ड्रिलमास्तर म्हणून लागल्यावर ते गुपचूप पहाटे घाटावर जाऊन पोहायला शिकले. नावाड्यांच्या मागे लागून गाठी शिकले. आपल्या कृष्णेत नाव बांधायची तर दोर आखूड ठेवावा लागतो. लांब सोडला की प्रवाह नाव फिरवतो आणि घाटाच्या दगडावर आणून आपटतो. मास्तरांनी त्याचं घोषवाक्यच करून टाकलं, "दोर आखूड, नाव शाबूत." पोरं ते कवायतीच्या ठेक्यात म्हणायची. स्काऊटने नेहमी खरं बोलावं, हेही पोरं त्याच ठेक्यात म्हणायची.

पथकाची नाव रहिमान मिस्त्रींनी बांधली. लाकूड दिलं लालासाहेबांनी. लालासाहेब म्हणजे नदीकाठचे ऊसवाले बागायतदार, घरातली तीन माणसं फौजेत, आणि पथकाचे अध्यक्ष. त्यांचा मुलगा भाऊसो पथकात होता. मिस्त्रींचा सिकंदरही होता, आणि पाण्यातलं म्हणाल तर पथकात सिकंदर पहिला, बाकीचे नंतर. श्रावणात पूर आला तेव्हा पलीकडच्या वस्तीतली म्हातारी माणसं ह्याच नावेतून आणली, तेव्हा वल्ह्यावर सिकंदरच होता. गावाने पोरांची पाठ थोपटली. आता खरा समुद्र बघायचा, असं मग मास्तरांच्याच तोंडून निघून गेलं.

दिवाळीच्या सुट्टीत लालासाहेबांच्या लॉरीवर नाव चढवली आणि पथक आंबा घाट उतरून रत्नागिरीकडच्या एका बंदरावर गेलं. पोचायला सकाळ झाली. पोरांनी नाव खाडीत सोडली, एक फेरी मारली आणि दगडी धक्क्याच्या पायथ्याशी लोखंडी कडी होती तिथे आणली. मास्तर म्हणाले, "सिकंदर, आखूड बांध."

सिकंदरने दोर कडीतून ओवला आणि वर बघितलं. धक्क्याच्या भिंतीवर त्याच्या डोक्याच्याही वर शेवाळाची हिरवी रेघ होती.

"सर, रेघ लय वर हाय. पाणी तितवर येत असंल. दोर सैल ठिवू का?"

"ती पावसाळ्यातली रेघ," मास्तर म्हणाले. आमच्या घाटावर अशा रेघा असतात. कुठल्या साली पूर कुठवर आला ते म्हातारी माणसं त्यावरून सांगतात.

"पर वली हाय, सर."

"आखूड बांध म्हटलं ना? घोषवाक्य काय आपलं?"

सिकंदरने आखूड बांधला. वर उभ्या असलेल्या पोरांनी हौसेने घोषवाक्य म्हटलं. मग सगळे किल्ला बघायला गेले.

दुपारी परत आले तेव्हा पाणी धक्क्याच्या काठाला टेकलं होतं. "पूर आला, पूर आला," म्हणत पोरं धावली. त्यांचंही काय चुकलं? आमच्याकडे पाणी चढतं ते पुरानेच. भरती-ओहोटी भूगोलात सगळ्यांनी पाठ केली होती, मास्तरांनीसुद्धा. चंद्र पाणी ओढतो हे सगळ्यांना येत होतं, पण चंद्राचा आपल्या दोराशी काही संबंध असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. नावेचं नाक आखूड दोराने खाली कडीपाशीच राहिलं होतं. पाणी वरून आत शिरलं आणि लाटांनी तिला दगडावर कुटून काढलं. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा चिखलात नुसत्या फळ्या पडल्या होत्या.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा लालासाहेब उभे राहिले. मग अख्खं गाव. समुद्र बघितलेल्या माणसाला एवढंही कळू नये? तोंडातून शब्द निघाले, "दोर कुणी बांधला होता?"

"मी, सर," सिकंदर म्हणाला.

मास्तरांनी त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्या पोरांसमोर. वड्याचं तेल वांग्यावर कसं निघतं ते बघायचं असेल तर त्या धक्क्यावर बघावं. मारल्या क्षणी त्यांना कळलं की आपण काय केलं. पण हात खाली आला होता, आणि माफी मागायला तोंड उघडलं नाही. सिकंदर गालाला हातही न लावता फळ्या गोळा करू लागला.

सांगलीत बातमी पथकाच्या आधी पोचली, ती अशी की मिस्त्रीच्या पोराने दोर चुकीचा बांधला आणि बापाने केलेली नाव बुडवली. लालासाहेबांनी मास्तरांना बोलावून सांगितलं, "उन्हाळ्यात मुंबईला सी-स्काऊटांचा मोठा मेळावा हाय. आपलं पथक जाईल. पर त्या पोराला न्यायचं न्हाई. पाण्यात हयगय चालत न्हाई." मास्तर म्हणाले, "व्हय." नुसतं व्हय. सिकंदर वर्षभर त्या मेळाव्यासाठी झटला होता, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यावर कडी म्हणजे दुसऱ्याच दिवशी रहिमान मिस्त्री घरी आले. दारातच पायताण काढून उभे राहिले, आत येईनात.

"मास्तर, पोराचं चुकलं. लय शरम वाटली बघा मला. पोरानं बुडीवली तर बापानं बांधून द्यायला पायजे. नवी नाव मी करतो. तेवढं त्येला पथकातनं काढू नगा."

मास्तरांनी तेव्हा तरी बोलायला हवं होतं. ते म्हणाले, "बसा, चहा घ्या." मिस्त्री चहा न घेता गेले आणि त्याच दिवशी त्यांनी घाटावर लाकूड टाकलं.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मास्तरांचा शाळेला जायचा रस्ता घाटावरूनच होता. रंध्याचा आवाज लांबूनच कानावर यायचा. त्यांना बघितलं की मिस्त्री उठून सलाम करायचे. मास्तर रस्ता बदलून बाजारातून जाऊ लागले, तर बाजारात लोक विचारायचे, "काय मास्तर, त्या पोराला चांगला दम दिलासा म्हणं?" वर्गात सिकंदर खाली मान घालून बसायचा. संचलनाला वेळेवर यायचा, सलाम ठोकायचा, विचारलं तेवढंच बोलायचा. एकदा मास्तर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "सिकंदर, तुझ्या मनात काय असेल तर बोल." तो म्हणाला, "काय न्हाई, सर." त्याने शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. खरं बोलण्याचा नियम पोरं रोज म्हणत, तेव्हा मास्तर शिट्टीची दोरी सारखी करत उभे राहत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे ज्याला स्वतःबद्दल उमगतं त्याची झोप उडते.

संक्रांतीनंतर नवी नाव तयार झाली. ती पाण्यात सोडायचा समारंभ घाटावर ठरला. लालासाहेब अध्यक्ष, पायऱ्यांवर गाव, पोरं निळ्या टोप्या घालून रांगेत. सिकंदर शेवटी उभा होता. नावेला गुलाल लावला होता आणि मिस्त्री एका कडेला दोर हातात धरून उभे होते. मास्तरांनी पथकाचा वर्षाचा वृत्तांत सांगायचा होता.

त्यांनी पुराचं सांगितलं, गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताचं सांगितलं. पुढचे बेत सांगितले. कवठे महांकाळच्या पोरांना पोहायला शिकवायचं आहे म्हणाले. तिथे पाणी कुठून आणणार, असं कुणी विचारलं नाही. मुंबईच्या मेळाव्याचं नाव काढलं आणि ते थांबले. मग म्हणाले, "रत्नागिरीला नाव फुटली ती सिकंदरमुळं न्हाई. माझ्यामुळं फुटली. दोर आखूड बांध म्हणून मी सांगितलं होतं. आणि मारलं मात्र त्याला." एरवी भाषण करताना ते पुस्तकी बोलायचे. आज तोंडात माणच आला.

मग लालासाहेबांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या घाटाने वाजवल्या.

"गुरू असावा तर असा," लालासाहेब उठून म्हणाले. "पोराची चूक स्वतःच्या अंगावर घेतो. मास्तर, तुमच्या शब्दाखातर आमी त्याला माफ केलं. सिकंदर मुंबईला जाईल."

पुन्हा टाळ्या पडल्या. मास्तर "न्हाई, न्हाई" म्हणत होते, आणि जितकं न्हाई म्हणावं तितका लोकांना त्यांचा मोठेपणा दिसत होता. एका म्हातारीने तर डोळे पुसले. चांगली अद्दल घडली, असंच मी म्हणेन. इतके दिवस खोटं खपलं आणि आज खरं खपेना.

टाळ्या ओसरल्या तेव्हा रांगेच्या शेवटून सिकंदर बोलला. आवाज मोठा नव्हता, पण पाण्याकाठी स्पष्ट ऐकू आला.

"माफीवर न्हाई यायचो मी, सर."

"ए पोरा," कुणीतरी दटावलं. मास्तरांनी हात वर केला. त्यांचा चेहरा उतरला होता.

"भाऊसो, पुढं ये. त्या दिवशी तू माझ्या शेजारी उभा होतास. सिकंदर दोर बांधताना काय बोलला, ते सांग."

भाऊसोने वडिलांकडे बघितलं, मग मास्तरांकडे. "सांगू, सर?"

"सांग."

"सिकंदर म्हणाला, शेवाळाची रेघ वर हाय, वली हाय, दोर सैल ठिवू का. सर म्हणाले, आखूड बांध. दोनदा म्हणाले. आमी समद्यांनी ऐकलं." भाऊसो थांबला आणि खाली बघून म्हणाला, "आमी वरनं घोषवाक्य बी म्हटलं."

आता घाटावर टाळी नव्हती. लालासाहेब खुर्चीत बसले. रांगेतली सगळी पोरं पायाकडे बघत होती. मास्तरांबरोबर तीही इतके दिवस गप्प राहिली होती. मास्तरांचा मान राहावा म्हणून एका पोराने मुकाट मार खाल्ला होता आणि बाकीच्यांनी तो खाऊ दिला होता. लोकांची नजर टोचत होती, पण मास्तरांना वाटलं, चला, झालं एकदाचं. आता तरी छातीवरचं ओझं उतरेल.

तेवढ्यात रहिमान मिस्त्री दोर हातात घेऊनच चार पायऱ्या चढून आले.

"मास्तर, हे खरं हाय?"

"खरं हाय, मिस्त्री."

मिस्त्री आणखी एक पायरी चढले. "तुमी गावाला परत आलासा, त्या दिवशी मी त्येला लय मारलं. पट्टी मोडस्तवर. मारताना इचारत हुतो, दोर कुणी बांधला, दोर कुणी बांधला. त्यो म्हणायचा, मी. एकदा बी तुमचं नाव न्हाई घेतलं त्येनं." ते थांबले. "मी तुमच्या दारात यिऊन माफी मागितली, तवा तरी सांगायचं हुतंसा. आता ते मारलेलं मी परत कसं घिऊ?"

आपण आज काही उतरवून ठेवलं नाही, उचलून ह्या माणसाच्या डोक्यावर दिलं, हे त्यांना दिसलं. त्यांनी हात जोडले. मिस्त्रींनी त्या हातांकडे बघितलंही नाही.

नाव पाण्यात सोडायची होती, ती पोरांनी कुणी न सांगता सोडली. ना नारळ फुटला, ना कुणी जयजयकार केला. मिस्त्री खाली उतरले आणि घाटाच्या कडीपाशी बसून नाव बांधू लागले. दोर कडीतून ओवला, किती ठेवावा ते सुचेना म्हणून त्यांनी लांब सोडला, मग पुन्हा ओढला, पुन्हा सोडला.

सिकंदर रांग मोडून खाली गेला. बापाच्या हातातून त्याने दोर अलगद घेतला.

"आखूड बांधायचा, अब्बा," तो म्हणाला. "हितं सरांचंच बरोबर हाय."