बूच काढायचे राहिले

मित्रांनो, वयाने मी जुनी आहे हे माझ्या अंगावरच्या पोच्यांवरून तुम्हाला कळेलच. मी चहाचे पाणी उकळणारी किटली आहे, पण चुलीवर चढणारी नव्हे. माझी चूल माझ्या पोटातच असते. पाणी तापवायचा बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना माझी वेगळी ओळख करून द्यायला नको. मधोमध पोकळ नळी, तिच्या तळाशी विस्तवाची वाटी आणि नळीभोवती पाणी. मूठभर काटक्या टाकल्या की झाले. वारा जितका जोराचा, तितकी मी लवकर उकळते. आमच्या मेयो परगण्याच्या किनाऱ्यावर वाऱ्याला तोटा नाही.

कॉन नावाच्या तळ्याकाठी पत्र्याचे काम करणाऱ्या एका कारागिराने मला घडवले. त्याने मला ठोकून गोल केले, सांध्यांना कथलाचा डाख दिला आणि पाणी भरून कुठे गळते का ते पाहिले. मग तोंडाला बूच बसवून तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "बूच नावेत पाणी सांडू नये म्हणून आहे. आग लावायच्या आधी ते काढायचं. बाकी सगळं विसरलास तरी चालेल."

ते गिऱ्हाईक म्हणजे होबन नावाडी. मासे पकडायला आलेल्या साहेबलोकांना तो तळ्यावर फिरवायचा. दुपारी नाव बेटाला लागली की मी कामाला लागायची. उकडलेल्या अंड्यांची टरफले काढून होईपर्यंत माझे पाणी खदखदत असे. तीन दिवसांत एकही मासा न मिळालेला एक डॉक्टर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला होता, "होबन, या तळ्यात दम आहे तो एवढ्या या बाईतच!" ते वाक्य मी बरीच वर्षे जपून ठेवले आहे.

पुढे होबनचे गुडघे गेले, नाव गेली आणि घरात विजेची किटली आली. माझी रवानगी सरपणाच्या खोपटात झाली. तिथे मी कोळ्यांना ठेवून घेतले. एकदा एका कोंबडीने माझ्या विस्तवाच्या वाटीत अंडे घातले. मला राग आला नाही. कोणाला तरी माझा उपयोग सुचला होता.

त्या अंड्यामुळेच मी पुन्हा उजेडात आले. होबनची मुलगी कॉन्सेप्टा अंडे शोधत आली आणि तिच्या हाताला मी लागले. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात जन्म काढून ती नुकतीच घरी बसली होती. तिने मला राखेने घासले, नवे बूच बसवले आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर मानाने ठेवले. त्या उन्हाळ्यापासून आमची सहल सुरू झाली. दरवर्षी एक दिवस कॉन्सेप्टा, तिची लहानपणापासूनची मैत्रीण डिंप्ना आणि शेजारचा मेंढ्या पाळणारा मॅलकी, असे तिघे मॅलकीच्या गाडीतून किनाऱ्याने हिंडायचे. घाई कसली नाही. वाटेल तिथे थांबायचे, समुद्र बघायचा, माझा चहा प्यायचा आणि घरी यायचे.

मित्रांनो, मागच्या वर्षीची सहल मात्र जवळजवळ शेवटची ठरली होती. ती गोष्ट सांगण्याआधी आमच्याकडची एक रीत सांगते. आमच्याकडे कोणी काही देऊ केले की पहिल्यांदा नको म्हणायचे. दुसऱ्यांदाही नको म्हणायचे. तिसऱ्यांदा विचारले की खुर्ची ओढून बसायचे. पहिले दोन नकार नुसते सभ्यतेचे असतात. पण तिसऱ्यांदा विचारायला मात्र हवे.

डिंप्ना भाड्याच्या घरात राहत होती. मालकाने ते विकायला काढले आणि तिला शरद ऋतूच्या आत घर सोडायला सांगितले. तिचा मुलगा टोरांटोत असतो. तो म्हणाला, आई, तू इकडेच ये. फेब्रुवारीत ती हे सांगायला कॉन्सेप्टाकडे आली, तेव्हा मी फळीवरच होते.

कॉन्सेप्टा म्हणाली, "माझी मागची खोली पडूनच आहे की."

"छे गं, तुला कशाला त्रास," डिंप्ना म्हणाली.

"त्रास कसला? घर खायला उठतं मला."

"नको गं, नको. तू आपली उगाच."

कॉन्सेप्टाने तिसऱ्यांदा तोंड उघडले, तोच दार ढकलून मॅलकी आत आला. "धावा! मेंढी ओढ्यात पडलीय!" दोघी पायात बूट चढवून पळाल्या. मेंढी वाचली. तिसरे विचारणे मात्र ओढ्यातच राहिले. त्यानंतर कॉन्सेप्टाला वाटू लागले की डिंप्नाला मुलाकडेच जायचे आहे. डिंप्नाला वाटू लागले की कॉन्सेप्टाने आपले तोंडदेखले विचारले. दोघी रोज भेटत होत्या आणि टोरांटोच्या थंडीबद्दल बोलत होत्या.

सहलीचा दिवस उजाडला. त्याच संध्याकाळी डिंप्नाच्या मुलाचा फोन येणार होता आणि तिला हो की नाही ते सांगायचे होते. मी मागच्या सीटवर तिच्या मांडीवर होते, पोटात पाणी आणि तोंडाला बूच. तिने दोन्ही हातांनी मला घट्ट धरले होते. रस्ता काही एवढा खराब नव्हता.

समोरून गाडी आली की मॅलकी स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून रामराम करायचा.

"कोण रे तो?" कॉन्सेप्टाने विचारले.

"कुणास ठाऊक."

"मग बोट कशाला वर केलंस?"

"त्याने केलं ना. तोंड फिरवू का काय?"

मागून डिंप्ना म्हणाली, "टोरांटोत दिवसभर बोटच वर ठेवावं लागेल."

"पण बरं होईल हो तुला," कॉन्सेप्टा खिडकीबाहेर बघत म्हणाली. "नातवंडं जवळ असतील."

"हो, तेही आहेच," डिंप्नाही दुसऱ्या खिडकीबाहेर बघत म्हणाली.

पुढे मेंढ्यांनी रस्ता अडवला. मॅलकीने इंजिन बंद करून कोणाच्या मेंढ्या, कोणाचा खांदा दुखतोय, कोणाच्या मुलीचे लग्न मोडले, हे सगळे त्यांच्या मेंढपाळाला विचारून घेतले. मग आम्ही दोन ठिकाणी उगाचच थांबलो. बेलमलेट गावाच्या पुढे एलीच्या किनाऱ्याला गाडी लागली तेव्हा सगळ्यांना कडकडून भूक लागली होती.

एरवी मला पेटवण्याचे काम कॉन्सेप्टाचे. ते ती कोणाला करू देत नाही. पण त्या दिवशी डिंप्ना एकटीच पाण्याकडे चालू लागली. मॅलकी कॉन्सेप्टाला म्हणाला, "जा ना तिच्याबरोबर. किटलीचं मी बघतो."

त्याने काटक्या गोळा केल्या, वाटी भरली, काडी ओढली. नजर मात्र पाण्याच्या कडेला उभ्या असलेल्या दोघींवर होती. एक डावीकडे बघत होती, एक उजवीकडे. "बोला की गं," तो पुटपुटला. "कुणीतरी बोला." आणि त्याने आणखी मूठभर काटक्या टाकल्या.

मित्रांनो, बूच तसेच होते.

मला बोलता आले असते तर मी ओरडले असते. पाणी तापले, खदखदू लागले, वाफेला जागा मिळेना. डाख दिलेल्या जागी मला कळा येऊ लागल्या. मला वाटले, कारागिराने इतके बजावूनसुद्धा शेवटी असेच मरण यायचे होते! तेवढ्यात दोघी परत आल्या. कॉन्सेप्टा पाण्यात दिसलेल्या सील प्राण्याबद्दल काहीतरी सांगत होती. तिने माझ्याकडे बघितले आणि किंचाळली, "मॅलकी! बूच!"

बंदुकीसारखा आवाज झाला. बूच उडाले, मॅलकीची टोपी घेऊन गेले आणि टोपीसकट लाटांत पडले. माझे निम्मे पाणी कारंज्यासारखे उडाले, मी कलंडले आणि उरलेल्या पाण्याने विस्तव विझला. कोणाला भाजले नाही, एवढे नशीब.

मॅलकीने डोक्यावर हात फिरवून पाहिला. "डोकं आहे," तो म्हणाला. "टोपी गेली."

आधी डिंप्ना हसली. हसता हसता ती वाळूत बसली, आणि मग मी पाहते तर ती रडत होती. "तिकडे कोण असली माती खाणार आहे गं माझ्यासमोर?" ती म्हणाली. "कोणाला हसू मी तिकडे?"

कॉन्सेप्टा तिच्याशेजारी वाळूत बसली. तिने बुटांवरची वाळू झटकली.

"मागची खोली अजून रिकामी आहे," ती म्हणाली.

डिंप्नाने नाक पुसले. "समुद्राकडे खिडकी आहे ती?"

"तीच."

"पडदे भयंकर आहेत तिथले. मी माझे आणीन."

मॅलकीने दोन्ही हात आकाशाकडे केले. "हे तुम्हाला फेब्रुवारीत जमलं नाही?"

"जमत होतं रे!" दोघी एकदमच त्याच्यावर ओरडल्या. "तूच मेंढी मेंढी करत घुसलास!"

पाणी संपले होते. मॅलकी मला उचलून चढावरच्या एका घरात पाणी मागायला गेला. घरातल्या बाईने त्याला चहा विचारला. तो नको म्हणाला. तिने पुन्हा विचारले. तो पुन्हा नको म्हणाला. ती बाई रीत जाणणारी होती. तो परतला तेव्हा त्याच्या हनुवटीवर केकचा चुरा होता आणि वाळूत बसलेल्या दोघींनी सगळे सँडविच संपवले होते.

संध्याकाळी फोन कॉन्सेप्टाच्या घरीच आला. मुलाने डिंप्नाला ये म्हटले, ती नको म्हणाली. त्याने पुन्हा म्हटले, ती पुन्हा नको म्हणाली. मग ती फोन कानाशी धरून थांबली. तिने बाय, बाय, बाय, बाय म्हणत फोन ठेवला आणि फळीवरच्या माझ्याकडे बघत राहिली.

"दोनदाच विचारलं त्याने," ती म्हणाली. "फार वर्षं झाली ना त्याला जाऊन."

कॉन्सेप्टाने तिच्या कपात चहा ओतला.

आता मॅलकीने मला नवे बूच कोरून दिले आहे. ते थोडे वाकडे बसते. माझ्या एका सांध्याचा डाख सुटत आला आहे, पण पुढच्या सहलीपुरता तो टिकेल असे मला वाटते. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना खोपटात टाकू नका. वापरून झाल्यावर त्यांना रिकामे करा, पालथे घाला, कोरडे ठेवा. माझ्यासारखी कोणी हाती लागली तर आग लावण्याआधी बूच काढा. आणि दारात आलेले माणूस दोनदा नको म्हणाले, तर मेंढी ओढ्यात पडली तरी चालेल, पण तिसऱ्यांदा विचारून मगच पळा.